जुन्या तीनचाकी एटीसीच्या पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगा बदलताना

मिशिगनमधल्या सिल्व्हर लेकला वाळूच्या एका टेकडीवरून उतरलं की खाली एक खळगा लागतो. तिथे माझ्या एटीसीचा (ऑल टेरेन सायकल, म्हणजे वाळू-मातीत चालवायची तीनचाकी) पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारे, आत स्प्रिंग आणि तेल असलेले दोन नळीचे पाय, दर वेळी ‘खट्ट’ करून तळाला टेकायचा आणि दणका थेट मनगटात यायचा. मी एक अख्खा उन्हाळा तो सोसला. मग स्प्रिंगा बदलल्या आणि त्या चुकीच्या निघाल्या. पुन्हा बदलल्या, तेव्हा कुठे गाडी ताळ्यावर आली. दुसऱ्या वेळी जे केलं ते पहिल्याच वेळी करता आलं असतं, फक्त क्रम कोणी सांगितला नव्हता. तो क्रम इथे लिहितो आहे.

ज्यांनी अशी गाडी नुकतीच घेतली आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. होंडाने १९७० साली यूएस ९० नावाची तीनचाकी आणली, तेव्हा तिला सस्पेन्शन असं नव्हतंच. फुग्यासारखे जाड टायर हेच सस्पेन्शन. पुढे तिचं नाव एटीसी ९० झालं. १९८१ च्या एटीसी २५०आरला पुढे फोर्क आणि मागेही सस्पेन्शन मिळालं. माझ्याकडे आहे ती १९८५ ची २००एक्स, १९२ सीसीची, चार स्ट्रोकची. यामाहाची ट्राय-झेड आणि कावासाकीची टेकेट याच पिढीतल्या. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगाशी न्यायालयीन तडजोड झाली, कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं बंद केलं, आणि २००८ च्या कायद्याने त्या बंदीवर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे तुमच्या हातातली गाडी जवळपास चाळीस वर्षांची आहे आणि तिच्या फोर्कमधली स्प्रिंगही बहुधा तेवढीच.

सांगलीला फोनवर ‘तीनचाकी घेतली’ असं सांगितलं तेव्हा आईने विचारलं, ‘मीटर आहे का तिला?’ असो.

१. आधी बाकीचे संशयित तपासा

पुढचं टोक मऊ वाटतंय म्हणून स्प्रिंग मागवायला धावू नका. या गाड्यांचे टायर दोन-चार पीएसआयवर चालतात. कारच्या टायरचा गेज इतक्या खाली नीट वाचतच नाही. शून्य ते दहा पीएसआयचा वेगळा गेज घ्या. पुढचा टायर एका पीएसआयने कमी असला तरी गाडी चेंडूसारखी उसळते, आणि त्या उसळीला आवर घालणारं टायरमध्ये काही नसतं. मग दोष स्प्रिंगच्या माथी जातो.

दुसरा संशयित म्हणजे तेल. माझ्या फोर्कमधून जे निघालं त्याला तेल म्हणवत नव्हतं. राखाडी रंगाचं, माशासारखा वास येणारं, तळाशी चिखल झालेलं. फोर्कच्या एका पायात दुसऱ्याच्या निम्मंच होतं. नुसतं तेल बदलूनच निम्मा आजार बरा होतो, हे मला नंतर कळलं.

तिसरं, फोर्कच्या नळ्या वाकलेल्या आहेत का ते पाहा. मोटरसायकल वळणावर झुकते, तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे वळणाचा सगळा आडवा जोर पुढच्या नळ्यांवर येतो. या गाड्यांच्या नळ्या वाकलेल्या सापडतात त्या उगाच नाही. नळी वाकलेली असेल तर फोर्क अडकत-अडकत चालतो, आणि तिथे कुठलीही स्प्रिंग काही करू शकत नाही.

हे तिन्ही ठीक असूनही फोर्क तळाला टेकत असेल तर पुढे जा.

२. हाताशी काय लागेल

- गाडीचं मूळ शॉप मॅन्युअल. टॉर्क आणि तेलाचं प्रमाण त्यातूनच घ्या, ऐकीव आकड्यांवरून नाही.
- व्हर्निअर. डिजिटल असेल तर उत्तम, पण शून्य नीट लावून घ्या. या कामात सगळ्यात महत्त्वाचं हत्यार हेच आहे.
- जॅक आणि गाडी टेकवायच्या दोन घोड्या (स्टँड).
- बॉक्स पान्यांचा संच, एलन कीचा संच, टॉर्क पाना.
- तेलाची पातळी काढायला मोठी सिरिंज आणि तिला लावलेली बारीक नळी.
- नवं फोर्क ऑइल, नवे ऑइल सील आणि डस्ट सील, फोर्कच्या वरच्या टोकाच्या टोपणाच्या ओ-रिंगा.
- स्पेसरसाठी (स्प्रिंग आणि टोपण यांच्यामध्ये बसणारा नळीचा तुकडा) जाड पीव्हीसी पाइप, करवत, पॉलिश पेपर, जाड वायसर.
- केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, मेजर टेप, वही, पेन.
- गॉगल. हे सगळ्यात शेवटी लिहिलं असलं तरी डोळ्यांवर सगळ्यात आधी चढवा.

३. खोलण्याआधी सॅग मोजा

इथेच मी चुकलो. पाने घेऊन थेट खोलायला बसलो.

स्वार बसल्यावर फोर्क जितका खाली बसतो ते अंतर म्हणजे सॅग. फोर्कच्या एकूण प्रवासाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश सॅग असावा. कमी असेल तर चाक खड्ड्यात उतरत नाही, गाडी वरच्या वर तरंगते. जास्त असेल तर धक्का खायला जागाच उरत नाही.

टोपणावर हवेचा छोटा वाल्व असेल तर आधी हवा पूर्ण सोडा. पुढचं चाक जॅकने अधांतरी उचला आणि ॲक्सलच्या मध्यापासून खालच्या क्लॅम्पच्या (फोर्कच्या नळ्या धरणारी पकड) कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी खाली घ्या, हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी असं सगळं चढवून रोजच्यासारखे बसा, पाय पायदानावर, आणि घरातल्या कोणाला तरी तेच अंतर मोजायला सांगा. मोटरसायकलचा सॅग काढताना एक माणूस गाडी धरायला लागतो. आपली गाडी तीन चाकांवर आपोआप उभी राहते, एवढा एक आराम आहे. माझी मुलगी टेप धरते आणि आकडा ओरडून सांगते.

मोजमाप दोनदा घ्या. एकदा हँडल दाबून हळूच सोडल्यावर आणि एकदा उचलून हळूच सोडल्यावर. जुन्या सीलमुळे फोर्क दोन्ही वेळा वेगळ्या जागी थांबतो. दोन्ही आकड्यांची सरासरी धरा. फरक पंधरा-वीस मिलिमीटर निघाला तर सील आणि नळ्या आधी बघायला हव्यात.

माझ्या फोर्कचा प्रवास १७० मिमी भरला. सगळ्या सामानासकट माझं वजन ९२ किलो आणि सॅग निघाला ७५ मिमी. म्हणजे गाडी जागची हलायच्या आतच मी चव्वेचाळीस टक्के प्रवास खाऊन बसलो होतो. हा आकडा पहिल्यांदा काढला असता तर पुढचा मनस्ताप वाचला असता.

४. फोर्क उतरवणं

गाडीचं इंजिन घोड्यांवर पक्कं टेकवा, पुढचं चाक अधांतरी ठेवा. एका हाताने धक्का देऊन बघा. हलली तर पुन्हा टेकवा.

आता क्रम लक्षात ठेवा, कारण उलटा केला तर अडकाल:

पहिलं, वाल्व दाबून हवा सोडा. सोडली होती असं वाटलं तरी पुन्हा दाबा.

दुसरं, सील बदलणार असाल तर फोर्कच्या तळाचा एलन बोल्ट आत्ताच थोडा सैल करा, वरची स्प्रिंग आत असतानाच. हा बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये (फोर्कची उसळी आवरणारा दांडा) बसलेला असतो आणि स्प्रिंगच्या दाबाने रॉड जागेवर राहतो. स्प्रिंग काढल्यावर बोल्ट फिरवलात तर रॉडही सोबत फिरत बसतो आणि तुम्ही तासभर शिव्या देत बसता.

तिसरं, वरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करा आणि मगच टोपण अर्धा आटा फिरवून मोकळं करा. क्लॅम्प आवळलेला असेल तर टोपणाचे आटे दाबात असतात आणि पाना घसरून टोपणाचा षटकोन गोल होतो. हँडलबार आड येत असेल तर तो सोडवून टाकीवर जुनं पांघरूण टाकून मागे ठेवा. केबली ताणू देऊ नका.

चौथं, चाक, ब्रेक, फेंडर आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट. नळी मागे-पुढे फिरवत खाली ओढा. गंजलेली असेल तर क्लॅम्पच्या फटीत पेचकस घालून फट फाकवायचा मोह होईल. हलक्या हाताने करा, क्लॅम्प ॲल्युमिनियमचा आहे.

टोपण पूर्ण काढताना आत स्प्रिंग दाबलेली आहे हे विसरू नका. सांगलीत बाबांच्या राजदूतचा फोर्क खोलताना मिस्त्री टोपणावर आधी जुनं पोतं टाकायचे, त्यावर तळहात दाबायचे आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचे. त्या वयात मला ते नाटक वाटायचं. माझ्या गॅरेजच्या छतावर टोपणाने पाडलेला एक खळगा आहे. आता मी जुना टॉवेल वापरतो, तोंड बाजूला ठेवतो आणि शेवटच्या दोन आट्यांना शरीराचं वजन देतो.

स्प्रिंग, स्पेसर, वायसर ज्या क्रमाने बाहेर येतात त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि फोटो काढा. एका वेळी एकच पाय खोला. दुसरा तुमचा नमुना आहे.

५. जुनी स्प्रिंग काय सांगते

आधीच्या मालकाने आत काय घातलं आहे याचा भरवसा धरू नका. चाळीस वर्षांत या गाड्या चार-पाच हातांतून फिरलेल्या असतात. माझ्या डाव्या पायात स्प्रिंगवर दोन वायसर जास्त निघाले आणि उजव्या पायात एक नाणं. १९७८ चं, पंचवीस सेंटचं.

स्प्रिंग रॉकेलसारख्या द्रावणाने धुऊन पुसा. मग तीन मापं घ्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि काम करणारे वेढे. दोन्ही टोकांचा सपाट घासलेला वेढा मोजायचा नाही. स्प्रिंगचा कडकपणा यातून निघतो:

कडकपणा = (८००० × जाडी × जाडी × जाडी × जाडी) ÷ (८ × मधला व्यास × मधला व्यास × मधला व्यास × वेढे)

जाडी म्हणजे तारेची जाडी, आणि मधला व्यास म्हणजे बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी वजा करून. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलो प्रति मिलिमीटर मिळतं, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात ते.

माझी तार ३.६ मिमी, बाहेरचा व्यास २५ मिमी, म्हणून मधला २१.४, वेढे ५२. उत्तर आलं ०.३३. आता हेच माप जरा चुकवून बघू. तारेवर गंजाचा थर होता म्हणून समजा मी ३.८ वाचलं असतं. उत्तर आलं असतं ०.४२. दोन दशांश मिलिमीटर चुकलं आणि स्प्रिंग पाव हिश्शाहून जास्त कडक झाली. तारेची जाडी चार वेळा गुणली जाते त्याचा हा प्रताप. म्हणून तार तीन ठिकाणी मोजा, गंज घासून मोजा, आणि स्प्रिंगवर रंग असेल तर तो खरवडून मोजा.

दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून उंची बघा. दोघींत पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर एक दमली आहे. मॅन्युअलमध्ये कमीत कमी लांबी दिलेली असते, तिच्याशीही ताडून पाहा.

६. नवी निवडताना

पहिल्यांदा मी काय केलं ते सांगतो. ‘जुनी मऊ आहे, तर चांगली कडक घेऊ’ एवढाच विचार. एका दुकानातून जड मोटरसायकलच्या स्प्रिंगा मागवल्या. व्यास जुळला, लांबी जुळली. त्या ०.६० च्या निघाल्या, जवळजवळ दुप्पट. सॅग आला २७ मिमी. खळग्यातला खट्ट आवाज गेला आणि मी खूश झालो. मग पहिल्याच सपाट वळणावर हँडल पूर्ण वळलेलं असूनही गाडी सरळ निघून गेली, झुडपात.

कारण समजून घ्या, कारण मोटरसायकलवरून येणारे इथेच फसतात. या गाडीला मागे एकच सरळ ॲक्सल आहे, डिफरन्शियल नाही. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात आणि गाडीला सरळ ढकलत राहतात. तिला वळवायचं काम पुढचं एकटं चाक करतं, आणि ते तेव्हाच करतं जेव्हा त्याच्यावर वजन असतं आणि ते मातीला चिकटून राहतं. कडक स्प्रिंग पुढचं टोक वर धरून ठेवते, बारीक उंचवट्यावर चाक उडवते. उलट फार मऊ स्प्रिंग असेल तर ब्रेक लागताच गाडी नाक टेकते आणि मागची चाकं हलकी होतात, तेही धोक्याचंच. मोटरसायकलवर चूक निभावून जाते. इथे निभावत नाही.

दुसऱ्या वेळी हिशेब केला. जुन्या स्प्रिंगा ०.३३ च्या, दोन मिळून ०.६६. सॅग ७५ मिमी. जुन्या स्प्रिंगा आधी दाबून बसवलेल्या नव्हत्या असं धरलं, तर फोर्कवर साधारण ५० किलो वजन येत होतं. मला सॅग हवा होता ५० मिमी. नव्या स्प्रिंगेला १० मिमी आधीच दाबून बसवायचं धरलं तर एकूण ६० मिमीमध्ये ५० किलो पेलायचे. ५० भागिले ६० म्हणजे ०.८३, दोन पायांत वाटून ०.४२ च्या आसपास. तुमची मापं घालून हाच हिशेब करा. दहा मिनिटांचं काम आहे.

विकत घेताना गाडीचं नाव सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण या गाड्यांसाठी तयार स्प्रिंगा मोजक्याच मिळतात. व्यास, लांबी आणि कडकपणा सांगून शोधा. त्याच काळातल्या छोट्या डर्ट बाइकच्या स्प्रिंगा कित्येकदा बसतात. कोणी आकडा पाउंड प्रति इंचात दिला तर ५६ ने भागा, किलो प्रति मिलिमीटर मिळेल. न्यूटनमध्ये दिला तर ९.८ ने.

मागवण्याआधी एक गोष्ट तपासा. तारेची जाडी गुणिले एकूण वेढे हा आकडा स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीतून वजा करा. उरलेलं अंतर फोर्कचा प्रवास आणि आधीचा दाब यांच्या बेरजेपेक्षा जास्त हवं. नसेल तर फोर्क तळाला जायच्या आधीच वेढ्याला वेढा टेकेल आणि स्प्रिंगची लोखंडी काठी होईल.

स्प्रिंग कापून कडक करायची जुनी युक्ती आहे. ती खरंही आहे, वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते. पण चाळीस वर्षं दबलेली स्प्रिंग कापून जे हाती येतं ते दमलेलंच असतं. आणि गॅसवर तापवून तर कधीच कापू नका, तापलेल्या जागी तिचं पाणी उतरतं.

७. धुणं आणि तेल

तेल ओता, फोर्क चार-पाच वेळा पंप करा, रॉकेलसारखं द्रावण घालून पुन्हा पंप करा, स्वच्छ निघेपर्यंत. उलटा करून रात्रभर निथळत ठेवा. डॅम्पर रॉडवर एक छोटी स्प्रिंग असते, फोर्क पूर्ण उघडतो तेव्हाचा धक्का ती घेते. ती द्रावणाबरोबर बाहेर येऊन कचऱ्यात जाते आणि मग सापडत नाही.

नळीवर सील जिथे घासतो त्या भागात गंजाचे खड्डे असतील तर बोट फिरवून बघा. नखाला लागतात ते नव्या सीललाही लागतील.

तेलाचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बहुतेक सीसीमध्ये दिलेलं असतं आणि ते मूळ स्प्रिंगसाठी असतं. नवीची तार जाड असेल तर तीच जास्त जागा खाते, वर हवेला कमी जागा उरते आणि फोर्क शेवटी-शेवटी अनपेक्षित कडक होतो. म्हणून मी पुढे गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येईल अशी पातळी मोजून ठेवतो: मॅन्युअलमधलं तेल मोजून घालतो, दहा-पंधरा वेळा पंप करून आतली हवा काढतो, स्प्रिंग नसताना फोर्क पूर्ण दाबतो आणि नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजतो. माझं १५० मिमी आलं. यापुढे सीसी विसरायचे, हेच अंतर धरायचं. सिरिंजच्या नळीवर त्या अंतराला खूण करा, जास्तीचं तेल ओढून घ्या. दोन्ही पायांत तंतोतंत सारखं.

जाडीचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये आहे त्यापासून सुरुवात करा. कडक स्प्रिंग परत येताना जोरात उसळते आणि तिला आवरायला थोडं जाड तेल लागू शकतं. पण या जुन्या फोर्कमध्ये तेल जाड केलं की ते दाबतानाही अडतं, दोन्हीकडे वेगवेगळं लावायची सोय नाही. शिवाय एका कंपनीचं १० नंबरचं तेल दुसऱ्या कंपनीच्या १० नंबरइतकंच जाड असेल असं नाही, म्हणून कंपनी बदलत बसू नका. आणि जानेवारीत उघड्या गॅरेजमध्ये हे काम करून ‘फोर्क फार कडक झाला’ असा निष्कर्ष काढू नका. मी काढला होता.

८. स्पेसर कापणं

फोर्क पूर्ण लांब करा, स्प्रिंग आणि तिच्यावर वायसर ठेवा. वायसर नळीच्या तोंडाच्या किती खाली आहे ते मोजा. त्यातून टोपण आत जितकं उतरतं ते वजा करा आणि हवा तो आधीचा दाब मिळवा. माझ्याकडे वायसर ६२ मिमी खाली, टोपण २२ मिमी आत, दाब १० मिमी: ६२ वजा २२ अधिक १०, म्हणजे ५० मिमीचा स्पेसर.

पाइप काटकोनात कापा. तिरका कापला तर स्प्रिंग बाजूला कलंडते आणि नळीला आतून घासते. टोकं पॉलिश पेपरवर घासून चूर धुऊन टाका, तो चूर तेलात गेला की सीलची वाट लागते. दोन्ही टोकांना वायसर हवाच, नाहीतर स्प्रिंग प्लॅस्टिकला चावते.

इथे एक गैरसमज. लांब स्पेसर घालून स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीच दबलेली राहते, गाडी उंच बसते, एवढंच. लांब स्पेसर ठोकून मऊ स्प्रिंग चाळीस मिलिमीटर आधीच दाबून ‘काम झालं’ म्हणणारे भेटतील. त्यांचा फोर्क सुरुवातीला दगड आणि पुढे लोणी असतो. दाब पाच ते पंधराच्या आत बसत नसेल तर स्प्रिंग चुकली आहे असं समजा.

९. जोडणी

टोपण हाताने लावा. टॉवेलसकट खाली दाबून आधी उलटं फिरवा, ‘टक्’ असा छोटा आवाज येतो, आटा आट्यात बसतो. मग सुलटं. आडवे आटे चढले तर टोपण आणि नळी दोन्ही जातात.

दोन्ही नळ्या क्लॅम्पमधून सारख्याच उंचीवर वर येतील असं बघा. खालचे क्लॅम्प आवळा, टोपणं टॉर्कने आवळा, मग वरचे क्लॅम्प. चाक आणि ॲक्सल बसवा, पण ॲक्सलचे दाबबोल्ट सैल ठेवा. गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ-दहा वेळा जोरात दाबा. दोन्ही पाय आपापली जागा धरतात. त्यानंतर दाबबोल्ट. ही एक पायरी वगळली तर नव्या सीलसकट फोर्क अडकत चालतो आणि तुम्ही पुन्हा स्प्रिंगला दोष देता.

हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. केबल कुठे ओढली जात नाही ना? ब्रेक धरतो ना?

हवेचा वाल्व असेल तर शून्यावर ठेवा. पुढे कधी घालायचीच असेल तर हातपंपाने आणि दोन्हीकडे सारखी. कॉम्प्रेसर लावला तर एका झटक्यात सील बाहेर.

१०. चालवून बघणं

आधी सॅग पुन्हा मोजा. माझा आला ५१ मिमी, मी नाचलो.

नळीवर प्लॅस्टिकची पट्टी सीलला टेकवून बांधा. गाडी फिरवून आल्यावर पट्टी कुठवर सरकली ते पाहिलं की फोर्क जास्तीत जास्त किती दबला ते कळतं. तुमच्या नेहमीच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट खड्ड्यात शेवटचे दहा-पंधरा मिलिमीटर शिल्लक राहायला हवेत. तरीही तळाला लागत असेल तर स्प्रिंगेला हात लावू नका, तेलाची पातळी दहा मिलिमीटरने वाढवा. मी १५० वरून १४० वर आणली आणि त्या खळग्यातला खट्ट आवाज गेला. उलट पट्टी अर्ध्यातच थांबत असेल तर तेल कमी करा. फोर्क परत येताना हँडल हातात उडत असेल तर तेल एक पायरी जाड घ्या. एका वेळी एकच बदल आणि दर वेळी वहीत नोंद.

पहिल्या फेरीला मोकळं मैदान निवडा आणि वेग कमी ठेवा, कारण वळणावर गाडीचं वागणं बदललेलं असेल. हेल्मेट आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला. मोटरसायकलची सवय असेल तर डगमगल्यावर पाय खाली टेकवायची ऊर्मी येईल. ती आवरा. मागचं चाक त्या पायावरूनच जातं. पाय पायदानावर ठेवा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. सिल्व्हर लेकला जाणार असाल तर उंच काठीवरचा नारिंगी झेंडा लागतो, तो घरी विसरून दीडशे मैल गेलेला माणूस मी स्वतः आहे.

सगळं मनासारखं झाल्यावर एक छोटं काम. मला आतला माल उकरून, नाणं काढून, तारा मोजून जे शोधावं लागलं ते माझ्या आधीच्या मालकाला ठाऊक असणार. मी सीटच्या खालच्या प्लॅस्टिकवर पक्क्या मार्करने लिहून ठेवलं आहे: स्प्रिंग ०.४२, स्पेसर ५०, तेल १४०, टायर ३ पीएसआय, वजन ९२. खाली तारीख. वजनाचा आकडा तेवढा दरवर्षी खोडून नवा लिहावा लागतो.